खण गेला कुठं आणि परत का आला

लग्नसराईत बेळगावच्या गणपत गल्लीतून किंवा खडेबाजारातून एक चक्कर मारा. खणाचे ब्लाउज, खणाच्या साड्या, खणाच्या पर्स, खणाचे झुमके, चिमुरड्या पोरींची खणाची परकर-पोलकी, सगळं दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेलं दिसेल. तीसेक वर्षांपूर्वी याच गल्ल्यांत खण मिळायचा तो ओटीच्या सामानात, नारळ आणि हळदीकुंकवाच्या शेजारी, त्रिकोणी घडी घातलेला. कॉलेजला निघालेल्या मुलीला तेव्हा "खणाची चोळी घाल" म्हटलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं. कापड तेच, काठ तोच. मधल्या काळात मग काय झालं?

काळ बदलला की फॅशन बदलते, हे तर सगळेच म्हणतात. पण 'काळ' म्हणजे नेमकं काय आणि तो कपड्यात, गाण्यात, मालिकेत शिरतो कुठून, हे कुणी फोडून सांगत नाही. आपली साधी समजूत अशी असते की दिवस चांगले असले की कपडे भडक आणि वाईट असले की फिके. मला हे पटत नाही. त्या त्या काळात लोकांना काय कमी पडत होतं, कशाची आस लागली होती, ते फॅशनमध्ये आधी दिसतं. जे हातात असतं ते मिरवायची गरज फार कुणाला वाटत नाही.

चांगले दिवस आणि आखूड कपडे असा सरळ हिशेब मांडायचा प्रयत्न झालेला आहे. जॉर्ज टेलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाच्या नावावर १९२६ पासून एक सिद्धांत सांगतात: बाजार तेजीत असला की बायकांचे स्कर्ट आखूड होतात, मंदी आली की लांब होतात. वर्तमानपत्रांना हा सिद्धांत फार आवडतो. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९२१ पासूनची माहिती लावून तो तपासला. संबंध निघाला, पण स्कर्टची लांबी अर्थव्यवस्थेच्या सुमारे तीन वर्षं मागून चालत होती. हा उशीर लक्षात ठेवण्यासारखा आहे. कापड विणायचं, रंगवायचं, ते दुकानात यायचं, मग शेजारणीच्या अंगावर दिसायचं आणि त्यानंतर आपल्याला हवंसं वाटायचं, याला वेळ लागतोच. म्हणून आज रस्त्यावर दिसणारा कपडा बऱ्याचदा परवाच्या मनाची गोष्ट सांगत असतो.

आस आणि कपडा यांचं नातं बघायचं तर पॅरिसचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात युरोपात कापडाची चणचण होती. ब्रिटनमध्ये तर १९४१ ते १९४९ कपडे रेशनवर होते. अशात १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमधल्या ख्रिस्तियन दिओर या फॅशन डिझायनरनं कंबरेला घट्ट आणि खाली भरपूर घोळ असलेले स्कर्ट आणले, एकेकाला कित्येक मीटर कापड लागणारे. लोक चिडले, ही उधळपट्टी कशाला म्हणाले. तरीही तीच फॅशन झाली. बायकांकडे कापड आलं होतं का? नाही. वर्षानुवर्षं काटकसर करून जीव विटला होता, म्हणून तो घोळ हवासा वाटला.

आता आपल्या गावात या. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, त्यामुळं त्याचा अभिमान इथल्या प्रत्येकाला आहे, मराठी काय नि कन्नड काय. पण त्या वेळची हवा कशी होती ते सहसा सांगितलं जात नाही. असहकाराची चळवळ १९२२ मध्ये मागं घेतलेली. गांधीजी जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात काढून त्याच वर्षी सुटलेले. कायदेमंडळात जायचं की नाही यावरून काँग्रेसमध्ये दोन तट पडलेले. स्वराज्य जवळ येण्याऐवजी लांब गेल्यासारखं वाटत होतं. अशा मरगळीत बेळगावात काँग्रेसनं सभासदत्वाची अट कपड्याशी बांधली: काँग्रेसच्या कार्यक्रमांना खादी घालायची आणि महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं, स्वतः कातून किंवा दुसऱ्याकडून कातून घेऊन.

देशातली सगळ्यात मोठी राजकीय संघटना सभासदाला विचारते, अंगावर काय घातलंस? यापेक्षा कपड्याचं महत्त्व आणखी कसं सांगायचं! या अधिवेशनामागं राबलेले गंगाधरराव देशपांडे आपल्याच जिल्ह्यातल्या हुदलीचे. त्यांनी हुदलीला खादीचं काम उभं केलं आणि ते गाव त्यासाठी आजही ओळखलं जातं. सुताची ती अट मात्र टिकली नाही, पुढच्याच वर्षी सैल करावी लागली. खादी आणि पांढरी टोपी टिकली. सूत कातणं हे रोजचं कष्टाचं काम होतं, ते हुकमानं होईना. टोपी घालणं म्हणजे 'मी कुठल्या बाजूचा' हे एका शब्दाविना सांगणं, आणि तेवढं सांगायला लोक आतुर होते. नेते वेश सुचवू शकतात. तो उचलायचा की नाही ते लोकांच्या गरजेवर ठरतं.

यापुढचा बदल घडवला तो बायकांनी, आणि त्याची नोंद कुठल्याच अधिवेशनात नाही.

बेळगाव-खानापूरचा पाऊस ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर दांडीवर काही वाळत नाही. नऊवारी सुती लुगडं पिळायलाच दोन माणसं लागायची. वाळवायचं ते माजघरात दोरीला नाहीतर चुलीच्या वर, आणि मग दिवसभर अंगाला धुराचा वास. तान्ह्या बाळाची दुपटी शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर पसरायची. चार महिने हे चालायचं. इरकल अंगाला कितीही सुखाची असली तरी पावसाळ्यात ती बाईच्या जिवावर यायची. अशा घरात साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉनची साडी आली. रात्री पिळून टाकली की सकाळी वाळलेली, इस्त्री नको, खळ नको. मागोमाग पुरुषांसाठी टेरिलीन आणि टेरिकॉट हे तसलेच कृत्रिम धाग्याचे कापड आले.

आज आपण त्या कापडाला नावं ठेवतो: घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं, भडक दिसतं. पण शाळेत शिकवायला, बँकेत, दवाखान्यात नोकरीला पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या बाईकडं वेळ नव्हता, आणि ही साडी तिला वेळ देत होती. शिवाय लुगडं म्हणजे खेडं आणि गोल साडी म्हणजे शहर, असा शिक्काही बसला होता. पुढं जायची इतकी घाई होती की मागच्या सगळ्याची लाज वाटायला लागली. इरकल पेटीत गेली, खण ओटीपुरता उरला. त्या पिढीला मी दोष देणार नाही. आजीच्या चोळीत त्यांना चूल दिसत होती, आणि त्यांना चुलीपासून सुटायचं होतं.

हीच सुटकेची आस पुढं पंजाबी ड्रेसमध्ये दिसते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गावोगावच्या मुली एसटीनं बेळगावला कॉलेजला यायला लागल्या, काही जणी लुना, मग स्कूटी चालवायला लागल्या. साडी नेसून बस पकडणं आणि गाडी चालवणं किती अवघड ते करून बघावं लागतं. घराघरांत 'ओढणी नीट घे'वरून वाद झाले, पण दोनचार वर्षांतच आयाच मुलींसाठी कापड निवडायला लागल्या.

सत्तरच्या दशकातल्या पुरुषांची गोष्ट वेगळी आहे आणि जरा दुखरी आहे. १९७२ चा दुष्काळ, १९७४ मधली वीस टक्क्यांवरची महागाई, त्याच वर्षीचा रेल्वेचा संप, १९७५ ला आणीबाणी. शिकून घरी बसलेले तरुण गल्लोगल्ली. त्या दिवसांत पडद्यावर अमिताभ बच्चनचा चिडलेला नायक आला, जो कोर्टाची वाट न बघता स्वतः हिशेब चुकता करतो. लोक त्याच्यासारखे जगत होते म्हणून तो चालला असं नाही. प्रत्यक्षात रेशन दुकानाच्या रांगेत मुकाट उभं राहावं लागत होतं. पडद्यावर तरी कुणी मुकाट राहत नव्हतं.

त्याच्याबरोबर बेलबॉटम आली आणि कानावरचे केस आले. शिंप्याच्या वहीत पँटच्या बॉटमचा आकडा फुगत गेला. आपल्या भागात हे बघायला एक खास जागा होती. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळं आसपासच्या गावांत घरटी एखादा फौजी असायचाच. थोरला सुटीवर यायचा तो बारीक केस कापलेला, हातात ट्रान्झिस्टर, कडक इस्त्री. धाकटा कानावर केस वाढवून बेलबॉटममध्ये. बाप थोरल्याकडं बोट दाखवून धाकट्याला बोलायचा. खरं तर दोघांनाही भविष्याची धास्तीच होती. एकाला पगाराची खात्री मिळाली होती, दुसऱ्याला कसलीच नव्हती. ज्याला काहीच मिळालं नव्हतं त्यानं निदान दिसण्यात तरी कुणाचं ऐकलं नाही.

१९९१ नंतर केबल आली, जीन्स आली, १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जगात सुंदर ठरल्या आणि तालुक्याच्या गावापर्यंत ब्यूटी पार्लर उघडली. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यापुढचं जास्त विचार करायला लावतं. २००० नंतर हिंदी मालिकांत अचानक मोठमोठी एकत्र कुटुंबं आली: चार सासवा, जिना असलेलं घर, झोपतानाही भरजरी साडी. आणि हे नेमकं कधी? जेव्हा बेळगाव, कोल्हापूर, पुण्यातली घरं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली आणि मुलं नोकरीसाठी बाहेर पडली तेव्हा. घरात माणसं कमी झाली आणि टीव्हीवर वाढली.

२०१३ च्या सुमारास एका मराठी मालिकेतल्या नायिकेचं मंगळसूत्र इतकं गाजलं की सराफांकडं बायका तिचं नाव घेऊन तेच मागायच्या. ती नायिका नोकरी करणारी, स्वतःचं घर सांभाळलेली आणि लग्नानंतर सहा सासवांच्या घरात गेलेली. स्वतः कमवायचं आणि सासरच्यांची माया, शाबासकीही हवी, हे दोन्ही एका बाईला एका वेळी मिळणं प्रत्यक्षात किती अवघड असतं ते कमावत्या सुनांनाच विचारा. ते दोन्ही मिळालेली एक मुलगी रोज संध्याकाळी दिसत होती. मग तिच्या गळ्यातलं आपल्या गळ्यात का नको?

आता खणाकडं येऊ. गेल्या दहाएक वर्षांत तो परत आला. फोनमधला कॅमेरा, घरून साड्या विकणाऱ्या बायकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, पेशव्यांच्या काळातले मोठे सिनेमे, शिवलेली नऊवारी, लग्नाआधीचं फोटोशूट, ही सगळी वाहनं झाली. वाहनात बसलं कोण? माझ्या मते दुरावल्याची जाणीव. आपली पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आहेत. आजीचं मातीचं घर पाडून तिथं स्लॅब पडलाय. चूल नाही, त्यामुळं चुलीची भीतीही नाही. आईला खणात धूर दिसत होता. नातीनं तो धूर डोळ्यात घेतलेलाच नाही, म्हणून तिला खणात फक्त आजी दिसते. ज्या गोष्टीपासून सुटका करून घ्यायची असते तिचं प्रेम त्या पिढीला वाटत नाही, पुढच्या पिढीला वाटतं. जुनी फॅशन साधारण नातीच्या पिढीत परत येते त्याचं मला हेच कारण दिसतं.

सीमाभागात यात आणखी एक थर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. आजही १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक असते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळे कपडे घालून, काळ्या फिती लावून निघालेली मराठी माणसांची निषेध फेरी. एकाच गावात, एकाच सकाळी, कपड्याच्या रंगावरून माणूस कुठं उभा आहे ते कळतं. २०२४ मध्ये दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावं असा कायदा झाला. मराठी शाळांचे पट उतरताहेत. जी भाषा पाटीवर मावेनाशी होते ती माणसं अंगावर घालतात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत भगवे फेटे, कपाळावर चंद्रकोर, मुलींच्या नऊवाऱ्या दरवर्षी वाढत गेल्या त्यामागं हे आहे. बाहेरच्याला ती हौस वाटते. इथं राहणाऱ्याला त्यातली घालमेल कळते.

आणि आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. आपण ज्याला अस्सल मराठमोळा पेहराव म्हणतो तो खण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, आणि इरकल त्याच जिल्ह्यातल्या इलकलला. विणणारे हात कन्नड बोलतात. इरकलीचा तांबडा टोपपदर बघा, त्यात पांढऱ्या रेशमाचे उभे सुळके असतात, देवळाच्या कळसासारखे. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा, दोन्ही एकेक धागा अडकवून जोडलेले असतात. धारवाड-हुबळीची मुलगी बेंगळुरूच्या ऑफिसात एथनिक डेला हीच साडी नेसते आणि तिला त्यात उत्तर कर्नाटकातली तिची आजी दिसते. बेळगावची मुलगी पुण्यात तीच नेसून मराठीपण जपते. दोघींचं दुखणं एकच, मोठ्या शहरात आपलं बोलणं, आपलं घर हरवण्याचं. कोल्हापुरी चपलेचंही असंच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, अथणीचे कारागीर आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला कारागिरांचं नाव न घेता दाखवल्या तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच सुरात बोलली.

ही सगळी ओढ खरी असली तरी तिला आजचं जगणं सोडवत नाही. दुकानात खणाची साडी हातात घेतलेली मुलगी पहिला प्रश्न काय विचारते ते ऐका: "काका, मशीनला चालते ना ही?" आजीचा काठ हवा आणि आईच्या नायलॉनची सोयही हवी. यात चूक काही नाही, पण त्याचा परिणाम मागावर होतो. हातमागाचा खण हा मुळात चोळीचं कापड. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद, जेमतेम एकतीस इंचांच्या आसपास, साडीला तो पुरतच नाही. त्यामुळं सलग पन्ह्याची जी खणाची साडी आपण घेतो ती बहुतेक वेळा यंत्रमागावरची असते, अनेकदा कृत्रिम धाग्याची. ती जरूर घ्या, छान दिसते. पण या लाटेतलं काही गुळेदगुड्डच्या हातमागावर बसणाऱ्यापर्यंत पोचावं असं वाटत असेल तर तिच्यासोबत ब्लाउजचा खण वेगळा घ्या, आणि घेताना दुकानदाराला पन्हा मोजून दाखवायला सांगा.